पोरागणिक एक बॉल

कोल्हापुरात दुसरी-तिसरीच्या पोरांना फुटबॉल शिकवायला उभं राहणं म्हणजे पंढरपुरात अभंग शिकवायला बसण्यासारखं आहे. समोरच्या प्रत्येकाला ते आधीच येत असतं, निदान तसा त्याचा पक्का समज असतो. घरातला कुणीतरी काका तालमीकडून खेळलेला असतो. खेळला नसेल तर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून खेळणाऱ्यांची उणीदुणी काढण्यात त्याची हयात गेलेली असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावं इथल्या मुलांना बाराखडीच्या आधी पाठ होतात. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढावेत आणि त्यावरून पेठापेठांनी वर्षभर एकमेकांकडं तिरकं बघावं, असा प्रकार महाराष्ट्रात दुसरीकडं फारसा दिसत नाही. 2022 च्या वर्ल्ड कपला चौकाचौकात मेस्सी आणि रोनाल्डोचे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे फलक लागले होते. 18 डिसेंबरच्या रविवारी रात्री अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली आणि सोमवारी सकाळी माझा अर्धा वर्ग डोळे चोळत प्रार्थनेला उभा होता.

अशा गावातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिक्षक आहे. वर्गशिक्षक म्हणजे मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि त्याच माणसानं घ्यायचा पी.टी.चा तास. शिक्षण हक्क कायद्यात अंशकालीन क्रीडा निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही मुलांची संख्या शंभराच्या वर असली तर. पहिली ते पाचवीला ती नाही. म्हणजे मूल ज्या वयात पळता पळता थांबायला, वळायला, तोल सावरायला शिकतं, त्या वयात त्याच्यासमोर उभा असतो तो आधीच्या तासाला हातच्याची वजाबाकी शिकवून आलेला माणूस. त्याच्या बोटांना खडू तसाच असतो आणि गळ्यात शिट्टी असते.

पोरं मैदानावर येतात ती सगळी तयारी करूनच. गोल झाल्यावर कसं पळायचं, शर्ट डोक्यावर कसा ओढायचा, पंचाकडं हात पसरून कसं बघायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. एकजण तर पडून गुडघा धरून इतका सुंदर विव्हळतो की मला दोनदा खरं वाटलं होतं. येत नाही ते एवढंच, की अंगावर आलेला बॉल पायाखाली थांबवणं. बॉल येतो, पोर पाय उचलतं, बॉल पायाखालून मागं जातो आणि पोर हवेत लाथ मारून बसतं. बघण्यातून खेळाचा आविर्भाव येतो. पायात बॉल यायला पायालाच बॉल लागावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. सगळी अडचण इथंच आहे.

2017 साली भारतात 17 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला. भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळं गल्लीत त्याचं कौतुक काय विचारता! त्याच वर्षी 15 सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांमधून दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम झाला. शाळाशाळांत उत्साह होता, फोटो निघाले, पोरं खूश. माझ्यापुढं सवाल 16 सप्टेंबरचा होता. एकदा खेळवणं सोपं असतं. दर आठवड्याला, तेवढ्याच मैदानात, तेवढ्याच मुलांना काहीतरी येईल असं खेळवायचं कसं?

शाळेत रूढ असलेली पद्धत म्हणजे रांग. दोन रांगा करायच्या, पुढं विटा किंवा बाटल्या मांडायच्या, शिट्टी वाजली की पहिल्यानं बॉल घेऊन बाटल्यांमधून नागमोडी जायचं, परत यायचं, दुसऱ्याला द्यायचा. या रांगेचा मी एकदा चौथीच्या वर्गात फळ्यावर हिशोबच मांडला, शाब्दिक उदाहरण म्हणून. तास 35 मिनिटांचा. वर्गातून जायचं, बूट बांधायचे, पाणी प्यायचं, परत यायचं, हे वजा जाता राहिली 25 मिनिटं. मुलं 40, रांगा दोन, प्रत्येक रांगेला एक बॉल. एकाला जाऊन यायला 15 सेकंद. तर एका मुलाच्या वाट्याला बॉल किती वेळ आला? वीस जणांची एक फेरी पाच मिनिटांची, तासाभरात पाच फेऱ्या, म्हणजे सव्वा मिनिट. उरलेली पावणेचोवीस मिनिटं ते पोर काय करतं, हे मला उदाहरणात घालावं लागलं नाही. पुढच्याच्या शर्टाचं टोक ओढतं, अंगठ्यानं मुरमात चित्रं काढतं, 'सर, ह्यो ढकलतोय' म्हणून तक्रार करतं. उत्तर आल्यावर मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, "मग सर, रांगच नको की."

तेव्हापासून रांग बंद. आता हे लिहायला सोपं आहे, पण रांगेचा एक मोठा गुण असतो. ती लांबून शिस्तीची दिसते. तपासणीला कुणी आलं की रांग बघून त्याचं समाधान होतं. याउलट चाळीस मुलं चाळीस दिशांना बॉल घेऊन सुटली की बघणाऱ्याला वाटतं, मास्तरांचा वर्गावर वचक नाही. वचक असतो, फक्त तो मैदानावर आखून ठेवलेला असतो. फक्कीनं एक मोठा चौकोन मारायचा. चौकोनाच्या आत काय वाट्टेल तिकडं जा, पण कुणाला धडकायचं नाही आणि बॉल रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. हळूहळू चौकोन लहान करत न्यायचा. जागा कमी झाली की पोरं आपोआप मान वर करून बघायला लागतात, बॉल पायाजवळ ठेवायला लागतात. "मान वर, मान वर" असं ओरडून जे होत नाही, ते फक्कीच्या दोन मुठींत होतं.

आमच्या मैदानाच्या मधोमध ध्वजकट्टा आहे. झेंड्याच्या कट्ट्याला बॉल लागता कामा नये, हा शाळेचा जुना नियम, आणि तो योग्यच आहे. एखाद्या प्रशिक्षकानं हे मैदान बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण माझ्या मुलांना वळायला शिकवलं ते त्या कट्ट्यानं. बॉल घेऊन सरळ कट्ट्याकडं जायचं, दोन पावलं आधी बॉलवर तळवा ठेवायचा, तळव्यानंच मागं ओढायचा आणि अंग फिरवायचं. बाटलीला बॉल लागला तर बाटली पडते, एवढंच. कट्ट्याला लागला तर सगळं मैदान ओरडतं. त्यामुळं तिथं पोरं फार जपून वळतात.

आता चाळीस बॉल कुठनं आणायचे? आणत नाही. शाळेत धड हवा धरणारे फुटबॉल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी जत्रेतले प्लॅस्टिकचे बॉल, शिवण उसवलेला व्हॉलीबॉल, टेनिसचे बॉल, आणि चिंध्यांचे. चिंध्यांच्या बॉलबद्दल पुढं सांगतो. आधी खऱ्या फुटबॉलबद्दल, कारण त्यात आपल्याकडं फार गैरसमज आहेत.

दुकानात जाऊन 'फुटबॉल द्या' म्हटलं की दुकानदार पाच नंबरचा काढून हातात ठेवतो. तो मोठ्या माणसांचा बॉल. नियमाप्रमाणं त्याचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम. दुसरीतलं पोर भरतं वीस-बावीस किलो. त्याच प्रमाणात सत्तर किलोच्या माणसाला बॉल द्यायचा झाला तर तो 1400 ग्रॅमच्या आसपास जाईल. मारून बघा म्हणावं. लहान मुलांसाठी तीन नंबरचा बॉल असतो आणि साधारण आठ-नऊ वर्षांपासून पुढं बारापर्यंत चार नंबरचा. भारतात फुटबॉल बनतात ते मुख्यतः जालंधर आणि मेरठला, तिथं सगळे आकार होतात. आपल्याकडं मागणी नसते म्हणून दुकानात दिसत नाहीत. पाच नंबरच्या बॉलला लाथ घातल्यावर पहिलीतल्या मुलीचं पाऊल दुखतं, ती पुढच्या वेळी अंगठ्यानं हळूच ढोसते, आणि मग आपण म्हणतो, 'हिला नीट किकच मारता येत नाही.'

पाच नंबरचाच असेल तर निदान त्यातली थोडी हवा सोडावी. टणक बॉल पायावरून उडतो, मऊ बॉल पायाशी राहतो. हवा सोडायला आणि भरायला पिन लागते. शाळेच्या क्रीडा साहित्यात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात आधी हरवणारी वस्तू म्हणजे ही पिन. ओली न करता घातली की आतला व्हॉल्व्ह खराब होतो, वाकडी घातली की मोडून आत राहते. आमचे शिपाई मामा ती तांदळाच्या कोठीच्या किल्लीला बांधून ठेवतात. त्यामुळं खिचडी शिजवायची वेळ झाली की पिन जागेवर असते, आणि फुटबॉलची वेळ झाली की मामा.

पावसाळ्यात आमच्याकडं मैदान असून नसल्यासारखं. जून ते सप्टेंबर मुरमाचा चिखल होतो. त्या दिवसांत तास व्हरांड्यात. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या आणायच्या, जुन्या पायमोज्यात घट्ट कोंबायच्या, वरून सुतळीनं बांधायचं. असा बॉल पोरं घरूनच करून आणतात. कार्यानुभवाच्या नोंदवहीतही तो बसतो, म्हणजे एका दगडात दोन तास. हा बॉल उडत नाही, फार घरंगळत नाही, भिंतीला लागला तर आवाज होत नाही आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहत नाहीत. पायावर घेतला की पायावरच बसतो. बॉल अडवताना पाय किंचित मागं घ्यायचा असतो, म्हणजे येणारा जोर मरतो. ही गोष्ट टणक बॉलवर शिकवायला घाम निघतो, चिंध्यांच्या बॉलवर पोरांना आपली आपण सापडते. आमच्याकडं एक अंगानं भरलेला, पळायला नाखूश मुलगा होता. गल्लीत तो कायम गोली, कारण गल्लीचा कायदाच असा की ज्याला पळता येत नाही त्यानं गोलमध्ये उभं राहायचं. व्हरांड्यात लक्षात आलं की त्याच्याकडं कसाही टाकलेला बॉल मेल्यासारखा त्याच्या पायाशी पडतो. वर्गातल्या सगळ्यात चपळ पोराला जे जमत नव्हतं, ते हा उभ्या उभ्या करत होता. पावसाळा संपल्यावर त्याला गोलमध्ये उभं करायला कुणी तयार होईना. सगळ्यांना तो आपल्या बाजूनं पुढं हवा होता.

व्हरांड्याची शहाबादी फरशी आणखी एका कामाला येते. पास म्हणजे पायाच्या आतल्या बाजूनं, घोट्याखालच्या सपाट भागानं बॉल ढकलणं. शिकवताना आपण सगळे मारणाऱ्या पायाबद्दल बोलतो. पाय असा वळव, घोटा घट्ट ठेव, मागं ने, पुढं आण. पोर एवढं सगळं ऐकतं आणि तरी बॉल तिरका जातो. खरी गोम दुसऱ्या पायात असते, जो जमिनीवर टेकलेला असतो. तो बॉलच्या बरोबरीनं, वीतभर बाजूला आणि जिकडं पास द्यायचा तिकडं बोटं करून असला की बॉल सरळ जातो. तो मागं राहिला की बॉल उडतो आणि वाकडा पडला की बॉलही वाकडा. आता सात वर्षांच्या मुलाला 'टेकलेला पाय' ही कल्पना सांगून कळत नाही. म्हणून मी फरशीवर खडूनं एक फुली मारतो, तिच्यावर बॉल ठेवतो आणि शेजारी त्याच मुलाच्या डाव्या पावलाची कड खडूनं काढून ठेवतो. 'पाऊल घरात ठेव आणि बॉल ढकल', एवढीच सूचना. पोर दोन पावलं चालत येतं, डावा पाय बरोबर त्या खडूच्या घरात टाकतं, आणि बॉल समोरच्या भिंतीला टप्पकन लागून सरळ त्याच्याकडं परत येतो. तेव्हा ते माझ्याकडं बघतच नाही. बॉलकडं बघतं, मग पायाकडं, मग पुन्हा बॉल आणायला पळतं. मग दुसऱ्या बाजूला उजव्या पावलाचं घर काढायचं, म्हणजे डाव्या पायानं मारायचं. मोठे झालेले खेळाडूही डाव्या पायाला भितात, कारण हे घर त्यांना कुणी वेळेवर काढून दिलेलं नसतं.

मैदान सुकलं की आम्ही खेळाकडं वळतो. नुसता सराव लहान पोरांना दहा मिनिटांच्या वर पचत नाही. खेळ मात्र नवे आणावे लागत नाहीत. विष-अमृतच घ्या. प्रत्येकाच्या पायात बॉल, दोघांवर राज्य. ज्याला शिवलं त्यानं बॉल डोक्यावर धरून, पाय फाकून उभं राहायचं. कुणीतरी येऊन आपला बॉल त्याच्या दोन पायांमधून घालवला की तो सुटला. बघता बघता पोरं पळता पळता नेम धरून पास द्यायला लागतात, आणि ते आपण पास देतोय हे त्यांच्या गावीही नसतं. डोंगर-पाणीत 'डोंगर' म्हटलं की बॉलवर तळवा ठेवून थांबायचं, 'पाणी' म्हटलं की सुटायचं. या दोन खेळांवर पहिली-दुसरीची दोन वर्षं सहज निघतात.

मोठा प्रश्न येतो तो सामन्याचा. पोरांना सामना हवाच असतो, आणि का नसावा? पण वीस विरुद्ध वीस सोडले की सगळं मैदान एका बॉलभोवती गोळा होतं. आपण कडेला उभे राहून घसा फोडतो, "पसरा रे, जागा धरा, पास द्या." कुणी पसरत नाही. डी.एड.ला आम्ही मानसशास्त्रज्ञ पियाजे परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मैदानावर कामाला येईल असं वाटलं नव्हतं. त्याच्या मते सहा-सात वर्षांचं मूल जग आपल्या जागेवरून बघतं, दुसरा कुठून काय बघतोय हे त्याच्या डोक्यात अजून यायचं असतं. त्याला 'मित्राला जागा करून दे' सांगणं म्हणजे न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न विचारणं. गर्दी ही पोरांची चूक नाही, ती चाळीस जणांत एकच बॉल सोडण्याचा परिणाम आहे.

होर्स्ट वाइन नावाचा मूळ हॉकीतला एक जर्मन प्रशिक्षक होता. त्यानं लहान मुलांसाठी फुटबॉलचा एक छोटा खेळ बसवला. दोन्हीकडं तीन-तीन जण, गोलकीपर कुणीच नाही आणि गोल मात्र चार, दोन्ही टोकांना दोन-दोन. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळाच असतो. मग पोराला कुणी न सांगता दिसतं की तिकडं जावं. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेनं 2024-25 च्या हंगामापासून सगळ्यात लहान वयोगटांना अशाच धर्तीचे छोटे सामने लागू केले. आम्ही हा खेळ चपलांचे गोल करून खेळतो. आमच्या मैदानात दाटीवाटीनं सहा चौकोन बसतात. साही सक छत्तीस, उरलेले चार पंच.

पंचांना शिट्टी देत नाही, पाटी देतो. कुणाच्या पायाला किती वेळा बॉल लागला, त्याच्या काड्या मारायच्या. सगळ्या वर्गाचा मोठा सामना लावला होता तेव्हा पाटीवर निम्म्या नावांपुढं काही नव्हतं. एकदोघांपुढंच काड्यांचा गठ्ठा. तिघा-तिघांच्या खेळात पाटी भरून जाते, मोजणाऱ्याचा हात दुखतो. एका बारीक अंगाच्या, एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुलीनं पाटी आणून दाखवली आणि म्हणाली, "सर, ह्याला कुणी देईनाच. ह्याला दुसऱ्या चौकोनात टाका." मी दिवसभर वर्गात असून जे मला दिसलं नव्हतं, ते तिनं काड्यांवरून सांगितलं. तेव्हापासून चौकोन ती पाडते. माझ्यापेक्षा चांगले पाडते.

मुलींचा विषय निघालाच आहे तर बोलतो. प्राथमिकला मुलं-मुली एकत्र खेळतात, खेळावीतही. त्या वयात उंची, ताकद, वेग यांत मुलांना फारशी आघाडी नसते. फरक असतो तो सवयीचा, कारण मुलगा संध्याकाळी गल्लीत दोन तास बॉल मारतो आणि मुलगी घरात असते. यावर काही ठिकाणी एक नियम काढतात की मुलीच्या पायाला लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. हेतू चांगला, पण मला हा नियम मुळीच पटत नाही. पोरं गोलसमोर थांबतात, जवळच्या मुलीच्या पायाला बॉल लावून घेतात आणि पुढं निघतात. तिला कळतं की आपण खेळत नाही, आपला उपयोग करून घेतला जातोय. तीन जणांच्या संघात असला नियम लागतच नाही. तिला पास दिला नाही तर देणार कुणाला?

हेडर मी शिकवत नाही. पोरं हिरमुसतात, कारण टीव्हीवर तोच सगळ्यात झोकदार दिसतो. 2019 मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट निघालं. कारण हेडरच, असं त्या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही. तरीही 2020 च्या फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडर घेऊ नये अशी सूचना काढली. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो त्याआधीच बंद झाला होता. जिथं फुटबॉल धर्मासारखा खेळतात तिथले लोक थांबलेत, तर आपण मुरमाच्या मैदानावर पाच नंबरच्या बॉलला पोरांची डोकी कशाला लावायची?

पालकांचं प्रकरण वेगळं. शाळेच्या कंपाउंडला धरून उभे राहतात. "मार की रं! बघतोस काय नुस्ता!" हे आमच्याकडं प्रेमानं म्हणतात. एक आजोबा नातवाला घेऊन आले. म्हणाले, "सर, ह्याच्याकडं जरा जादा बघा. ह्याच्या बाला पेठंत मान होता." अशा वेळी नाही म्हणायला जड जातं. पण पी.टी.चा तास हा शाळेचा संघ निवडायचा तास नव्हे. ज्याला खेळाडू व्हायचंय त्याला या गावात गल्ली आहे, तालीम आहे, मोठं स्टेडियम आहे, वाट दाखवणारे शंभरजण आहेत. ज्याच्या घरात कुणी खेळलेलं नाही, जिला संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत, ज्याला गल्लीनं गोलमध्ये उभं केलंय, त्यांच्या वाट्याला आठवड्यातले हेच तास आहेत. त्यातही चुणचुणीत पाच पोरांना खेळवून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवायचं असेल, तर त्याला तास म्हणू नये.

आणि हे तास तरी टिकतात कुठं? शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की पहिला बळी पी.टी.चा. मुख्याध्यापकांचा नाइलाज मला कळतो; पालक शिष्यवृत्तीत किती बसले ते विचारतात, किती जणांना पास देता येतो हे कुणी विचारत नाही. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत आम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलो आहोत, 'खेळात आनंदाने सहभागी होतो.' हे वाक्य पूर्ण तास खेळलेल्या मुलापुढंही चालतं आणि रांगेत उभं राहिलेल्यापुढंही. मी आता 'दोन्ही पायांनी पास देते', 'बॉल थांबवतो पण मान वर करत नाही' असं लिहितो. नोंदवही तपासणाऱ्यांना ते जरा विचित्र वाटतं. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला मात्र त्यावरून सुरुवात कुठं करायची ते कळतं.

आता एक मागणं, शाळेला काही द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडं. वाढदिवसाला, निवृत्तीला, आईवडलांच्या स्मरणार्थ लोक शाळेला भिंतीवरचं घड्याळ देतात, पंखा देतात, तसबीर देतात. भावना मोठी असते, नाकारता येत नाही. पण आमच्या ऑफिसात आता तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. पुढच्या वेळी तेवढ्याच पैशांत बॉल द्या. तीन नंबरचे, जमलं तर थोडे चारचे. सोबत एक पंप आणि मूठभर जादा पिना. बॉलवर देणाऱ्याचं नाव छापायचं असेल तर जरूर छापा, फक्त ते दिवाळीपर्यंत पुसलं जाईल एवढी तयारी ठेवा.